आहेराची टोपी काढायची नाही

चहा आधी घ्या. गार झाला तर मला सांगू नका.

किस्सा सांगतो, पण एक अट. मध्ये हसायचं नाही. मला हसलेलं खपत नाही. घरात कुणालाही विचारा. माझा मुलगा दत्ता पन्नाशीला टेकला, तरी अजून माझ्यासमोर हसू आलं तर तोंडावर हात धरतो. आणि मी घातलेला गोंधळ काही साधासुधा नव्हता. सख्ख्या नातीच्या साखरपुड्यात घातला. भर मांडवात. तोही व्याह्यांच्या डोक्यावर!

आता मुळापासून सांगतो.

मी चौथी शिकलेला माणूस. देहूरोडला डेपोत सामान उचलण्यात नोकरी गेली. रिटायर झालो आणि वराळ्याला घरी येऊन बसलो. दत्ताने हौसेने एक कॅमेरा घेतला होता. हौस फिटली, कॅमेरा कपाटात गेला. चांगली वस्तू पडून राहिलेली मला बघवत नाही. मी तो उचलला आणि गळ्यात अडकवला. घरच्यांनी तेव्हाच अडवायला हवं होतं. नाही अडवलं. मग भोगा!

सुरुवातीला माझ्या फोटोंत माणसांना डोकी नसायची. का, ते मला अजून कळलेलं नाही. पायापासून गळ्यापर्यंत माणूस झकास यायचा. वर आभाळ. हौसाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, एकदा असाच एक फोटो बराच वेळ निरखून पाहिला.

"ही कोण बाई हाय?"

"तू हाईस."

"मग माझं मुंडकं कुटं हाय?"

"लुगडं बघ की. लुगड्याची येक चुणी तरी इस्कटलीय का?"

त्यानंतर ती माझ्या कॅमेऱ्यासमोर आली नाही. मीही माणसांचा नाद सोडला आणि धुक्याच्या मागे लागलो. धुक्याला मुंडकं नसतं.

आमच्या मावळात लोक येतात ते पावसाळ्यात. भिजतात, भजी खातात, जातात. मला विचाराल तर मावळ बघावा हिवाळ्यात. भात कापून झालेला, शेतात पेंढ्याच्या गंजी, बांधावर पावट्याची फुलं आणि इंद्रायणीच्या पाण्यावर वाफ. मी पहाटे मफलर गुंडाळायचो, स्कूटरला किक मारायचो आणि लोणावळ्याच्या अंगाला निघायचो. थंडीने बोटं अशी आखडायची की कॅमेऱ्याचं बटण दाबलं की नाही तेच कळायचं नाही. पुष्कळदा दाबलेलं नसायचंच.

एकदा दरीच्या कठड्यापाशी उभा होतो. धुकं उठायची वाट बघत होतो. तेवढ्यात एक जोडपं आलं, नवीन लग्न झालेलं. मुलगा म्हणाला, "अंकल, एक फोटो का कितना लोगे?"

मी ताठ झालो. म्हटलं, "मी फोटोग्राफर आहे."

"हां, तो इसीलिए पूछ रहा हूं!"

काढला फोटो. डोक्यांशिवाय. पुन्हा त्यांनी दर विचारला नाही.

छपाईचं वेड मला लावलं ते तळेगावच्या जोशी मास्तरांनी. चित्रकला शिकवायचे, आता घरीच असतात. डेपोत साहेब लोकांचे निळे नकाशे मी कितीदा खांद्यावरून नेले होते. ते निळे कसे होतात हे विचारायची आपली पायरी नव्हती. मास्तर म्हणाले, "आबा, ते घरी करता येतं." आणि त्यांनी करून दाखवलं.

काम सोपं आहे. रसायनांच्या दोन पुड्या मिळतात. पाण्यात कालवायच्या, अंधाऱ्या खोलीत कागदाला किंवा सुती कापडाला ब्रशने लावायच्या आणि अंधारातच वाळवायच्या. कापड पिवळट दिसतं. मग त्याच्यावर झाडाचं पान ठेवायचं, वर काच दाबायची आणि उन्हात धरायचं. ऊन लागेल तिथे रंग चढतो, पानाखाली चढत नाही. शेवटी पाण्यातून काढलं की निळ्या कापडावर पांढरं पान! शिरा न् शिरा उमटलेली. पहिलं पान उमटलं तेव्हा मी एवढा खूश झालो की हौसाला हाक मारली.

ती म्हणाली, "चांगलं हाय. पन उशीचा अभ्रा कुनाचा हाय?"

तो हिवाळा आमच्या घरात निळा गेला. अभ्रे झाले. टेबलावरचं कापड झालं. दत्ताच्या बनियनवर छातीवर नेच्याचं पान आलं. तो तेच घालून गिरणीत गेला आणि पीठ न घेताच परत आला. लोक हसले म्हणे. मी म्हटलं, लोकांना कळत नाही. शेवटी हौसा दारात उभी राहिली. "माझ्या लुगड्याला हात लावला तर बगा. तुमालाच उनात वाळत घालंन."

कापड संपलं. मग मला आठवली पेटी.

आता तुम्हाला आमच्या टॉवेल-टोपीचं सांगायला हवं. मावळात लग्न असो, साखरपुडा असो, पाहुण्यांचा मान टॉवेल-टोपीने होतो. नाव पुकारायचं, पुढे बोलवायचं. कपाळाला गंध, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. माणूस आपल्या खुर्चीपर्यंत पोचायच्या आत टोपी खिशात गेलेली असते. घरी गेला की ती पेटीत. पुढच्या कार्याला पेटीतून निघते आणि दुसऱ्याच्या डोक्यावर. तिथून त्याच्या पेटीत. माझी तर खात्री आहे, अख्ख्या तालुक्यात त्याच टोप्या फिरत आहेत. मरेपर्यंत कुणी घालत नाही.

मला ही पद्धत कधी पटली नाही. मान दिला ना? मग तो डोक्यावर ठेवा! खिशात काय ठेवता? हे मी लग्नालग्नांत सांगत आलोय. कुणी ऐकत नाही.

तर आमच्या पेटीत अशा टोप्यांचा गठ्ठा होता. सुती, पांढऱ्या, घडीच्या. छपाईला याहून चांगलं कापड शोधून सापडलं नसतं. मी एका संध्याकाळी भाताच्या कणगीच्या खोलीत बसून डझनभर टोप्यांना ती पुडी लावली, दोरीवर त्या वाळवल्या. मग प्रश्न आला, या ठेवायच्या कुठे? उजेड अजिबात लागता कामा नये.

घरात सगळ्यात अंधारी जागा कोणती? पेटी!

घड्या करून होत्या तिथेच परत ठेवल्या. टॉवेलांच्या खाली. स्वतःवर खूश झालो.

त्याच आठवड्यात सायलीचं जमलं. सायली म्हणजे दत्ताची मुलगी. मुलगा टाकवे बुद्रुकचा, कारखान्यात चांगल्या जागेवर. घर खानदानी, शेती पोटापुरती, माणसं मोजकं बोलणारी. मुलाचे आजोबा गेनूभाऊ. त्यांच्या शब्दाबाहेर त्या घरात कुणी जात नाही. माझ्यासारखाच माणूस. फरक एवढाच की त्यांचं खरोखरच ऐकतात. सायलीला मुलगा पसंत होता. एवढा पसंत, की ती पोहे करतानासुद्धा गाणं म्हणायला लागली होती.

आणि तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे सोयरीक मोडते ती मानापानावरून. कुणाला टोपी नाही मिळाली, कुणाचं नाव आधी घेतलं. तेवढं पुरतं.

साखरपुडा आमच्या दारात. आदल्या संध्याकाळी मी ओसरीवर कॅमेऱ्याची काच पुसत बसलो होतो. आतून हौसा म्हणाली, "अवं, पेटीतल्या टोप्या घेऊ का उद्याला?"

"घे की. त्यात काय इचारायचं?"

"जरा पिवळ्या पडल्यात वो. नव्या आनूया का?"

मी मान वर केली नाही. काचेवर एक डाग होता, तो निघत नव्हता.

"जुन्या टोप्या पिवळ्याच पडतात," मी म्हटलं. "मान टोपीला नसतो. देनाऱ्याच्या हाताला असतो."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मनात दोनदा म्हटलं. टोप्यांचं काही मनात आलं नाही. हसू नका. अट आहे.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मांडव दारातच होता, वर पिवळंधमक कापड. त्या कापडाखाली सगळंच पिवळं दिसत होतं. माणसं पिवळी, भात पिवळा, टोप्याही पिवळ्या. मला संशय यायचा कसा? सुपारी फुटली, साखर वाटली. मग मी माझ्या हाताने गेनूभाऊंना गंध लावलं, टोपी घातली, नारळ दिला. त्यांच्यामागे त्यांची भावकी, मुलाचे मामा, सगळे. आणि माझ्यातला सुधारक जागा झाला. मी माइक घेतला.

"पाव्हणं, येक इनंती हाय. आहेराची टोपी काढायची न्हाई! मान दिलाय, त्यो डोक्यावर ऱ्हाऊ द्या. फोटो हुईस्तवर कुनीबी टोपी खिशात घालायची न्हाई!"

आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी माझं ऐकलं. हेच नेमकं त्या दिवशी व्हायचं होतं!

मांडवात उजेड कमी. म्हणून मी सगळ्या टोपीवाल्यांना बाहेर खळ्यात नेलं आणि उन्हात खुर्च्यांवर बसवलं. थंडीतलं कोवळं ऊन म्हणतात, पण दुपारी बाराला ते चांगलं तापतं. मध्ये गेनूभाऊ. मी कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे तीन पायांच्या स्टँडवर, चढवला.

"आबा, ऊन डोळ्यांवर येतंय," गेनूभाऊ म्हणाले.

"असू द्या. उजेड समोरूनच पायजे."

त्यांनी उजवा तळहात कपाळाच्या वर टोपीला टेकवून सावली धरली. गेनूभाऊंच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं आहे. कडबाकुट्टीत गेलेलं. मी कॅमेऱ्यात डोळा घातला.

"आता हालू नका! कुनीच हालू नका!"

कॅमेऱ्यातून बघतो तर टोप्या हिरवट.

कॅमेरा बिघडला! दुसरं काय समजायचं? माझ्या कॅमेऱ्यात रंगाची एक चकती आहे. ती या बाजूला फिरवली. टोप्या आणखी हिरव्या. त्या बाजूला फिरवली. टोप्या राखी. काच पुसली. सेल काढून पुन्हा घातले. जोशी मास्तरांनी सांगितलेली सगळी बटणं दाबली, न सांगितलेलीही दाबली. मध्येच डोकं वर काढून ओरडत होतो, "हालू नका! झालंच!" ती भली माणसं पुतळ्यासारखी उन्हात बसलेली. गेनूभाऊंचा हात तसाच टोपीला. एकदा मी एकाला टोपी सरळसुद्धा करायला लावली. म्हटलं, ऊन नीट पडू दे!

तुम्ही म्हणाल, आबा, टोप्यांचाच रंग बदलतोय हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही? अहो, कुणाच्या लक्षात येईल? त्या खळ्यात ही विद्या जाणणारा माणूस एकच होता. त्याचंच तोंड कॅमेऱ्यात होतं!

मुलाची आत्या मांडवातून बाहेर आली आणि किंचाळली. "अगं बया! टोप्या बघा की पाव्हन्यांच्या!"

मी डोळा कॅमेऱ्यातून काढला. समोर डझनभर माणसं. डोक्यावर डझनभर टोप्या. दगडी पाटीसारख्या निळसर काळ्या.

मुलाच्या मामांनी टोपीला हात घातला. आणि मी, सवयीने, ओरडलो, "टोपी काढायची न्हाई!"

मामा उभेच राहिले. टोपी काढली तर कपाळावर घामाबरोबर उतरलेली निळी रेघ, या कानापासून त्या कानापर्यंत. "आबा, ह्यो मान हाय का चेष्टा? आमी काय तमाशाला आलोय का हितं?"

"करनी हाय, करनी!" आत्या म्हणाली.

मी हौसाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. बावन्न वर्षांच्या संसारात मला कळलेली एक गोष्ट म्हणजे ती काही बोलली नाही की समजायचं, सगळं कळलंय.

दारात सायली उभी होती. हिरवं लुगडं, हातात नवी अंगठी, डोळ्यांत पाणी. त्या पाण्याने मी भानावर आलो. पण बुद्धी सरळ चालेल तर तो मी कसला? मला छपाईतली एकच गोष्ट आठवली. पुडी निघते पाण्याने.

"घाबरू नका! मला यातलं कळतं. बादली आना!"

बादली आली. मी स्वतः सगळ्यांच्या टोप्या गोळा केल्या, पाण्यात बुडवल्या, हिसळल्या. आणि हिसळताना आठवलं की पाण्याने निघते ती ऊन न लागलेली पुडी. ऊन लागलेली पाण्याने पक्की होते. छपाईची शेवटची पायरीच ती!

टोप्या बादलीतून वर आल्या. काय सांगू! असा निळा रंग मला आयुष्यात साधला नव्हता. मोरपिसालाही लाज वाटावी असा.

मी गेनूभाऊंची टोपी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलगडली. गर्द निळ्या टोपीवर पांढराशुभ्र हात. पाच बोटं स्वच्छ उमटलेली. मधलं अर्धं.

त्यांनी आपला हात त्या हातावर ठेवला. बरोबर बसला.

"ह्यो माझा हात हाय."

"व्हय."

"बोटबी तुटलेलंच आलंय."

"व्हय."

"आन् कॅमेऱ्यात काय आलंय?"

मी बघितलं. चकती फिरवून आणि बटणं दाबून मी त्याची अशी दशा केली होती की एकजात सगळे फोटो पांढरेफटक. माणूस नाही, टोपी नाही, खळं नाही.

"काय न्हाई आलं," मी म्हटलं.

गेनूभाऊंनी टोपी पिळली, झटकली, नीट घडी केली आणि खिशात घातली. माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "आता काढली तर चालंल न्हवं?"

मामा तोंड उघडणार होते. गेनूभाऊंनी नुसता हात वर केला, तोच तो. मामा खाली बसले. मंडळी जेवली. निळी कपाळं घेऊनच जेवली. गाडीत बसताना गेनूभाऊ दत्ताला म्हणाले, "ठरलंय ते ठरलंय." पण हसले नाहीत. आणि न हसणारा माणूस किती धोक्याचा असतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

तिथून लग्नापर्यंत मला झोप नाही. त्यांचा फोन आला की मी ओसरीवरून उठून गोठ्यात जायचो. हौसाने सांगून ठेवलं होतं, "पोरीचं लगीन मोडलं तर त्या कॅमेऱ्याला इंद्रायनीत सोडीन. आन् त्याच्या मागनं तुमाला." सायली पोहे करायची, पण गाणं बंद. ते मला सगळ्यात जास्त लागलं. मी पुड्या, ब्रश, काचा सगळं जोशी मास्तरांकडे नेऊन दिलं. मास्तरांनी का म्हणून विचारलं. म्हटलं, कंटाळा आला.

लग्न वैशाखात झालं, टाकव्याला त्यांच्या दारात. अक्षता पडल्या तेव्हा मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. सायली हसत होती. झालं, म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात माइकवर गेनूभाऊंचा आवाज आला. "आता मुलीच्या आजोबांचा मान. शंकरआबा, फुडं या."

गेलो. त्यांनी गंध लावलं. खांद्यावर टॉवेल. मग त्यांनी खिशातून एक टोपी काढली. कडक इस्त्री केलेली, निळी. समोर पांढरा हात, मधलं बोट अर्धं. ती माझ्या डोक्यावर नीट बसवली, एक पाऊल मागे जाऊन बघितली आणि माइक जवळ घेतला.

"आबा, आहेराची टोपी काढायची न्हाई. मान दिलाय, त्यो डोक्यावर ऱ्हाऊ द्या. फोटो हुईस्तवर हालायचं न्हाई!"

अख्खा मांडव हसला. मामा सगळ्यात मोठ्याने. गेनूभाऊसुद्धा हसले, पहिल्यांदाच. समोर सायली तर पोट धरून हसत होती. दत्ताने तोंडावर हात धरला नाही. मग मी काय करणार? उभा राहिलो.

लग्नाचा फोटोग्राफर शहरातला पोरगा. तो धावत आला. "वा! ही टोपी काय भारी आहे! कुणी छापली?"

"मी," मी म्हटलं. मान आपोआप ताठ झाली.

"आजोबा, उन्हात या. असं. जरा खाली वाका. हलू नका हां. टोपी पूर्ण आली पाहिजे. चेहरा नाही आला तरी चालेल."

अल्बम आला आहे. आतल्या खोलीत आहे, हवा तर बघा. मी एका पानावर आहे. पानभर टोपी आणि खाली कडेला दोन पांढऱ्या भुवया. हौसा आल्यागेल्याला ते पान उघडून दाखवते आणि भुवयांवर बोट ठेवून सांगते, "ह्ये आमचे ह्ये."

आणि वर म्हणते, "मुंडकं कापल्यालं न्हाई हां. तेवढंच आलंय."